चाराने गुणलेला कोट

विभागप्रमुख मॅडमनी लाल पेनाने ‘४’वर काट मारली आणि शेजारी ‘७’ लिहिला. काट लहानशीच होती, पण टेबलासमोर उभ्या असलेल्या मुलीने वाकून ती पुन्हा एकदा पाहिली.

“मुलांसमोर चूक मांडायची नाही,” मॅडम म्हणाल्या. “तुमच्या या टाचणात वर्ग बारा मिनिटं चुकीच्या आकड्याशी झटापट करत बसणार. मागच्या बाकावर बाहेरचे परीक्षक असणार. चूक मुद्दाम केलीय की तुम्हालाच येत नाही, हे त्यांनी कशावरून ठरवायचं?”

“पण मॅडम, मुलं अडकली तरच त्यांना कळेल की—”

“अडकायला अख्खं वर्ष होतं. अंतिम पाठात कोणी अडकत नाही.”

मुलगी गणित-शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला होती. वर्गातले सोबती तिला हेरबाई म्हणत, कारण तिला क्रिप्टोग्राफी शिकायची होती, आणि हा शब्द कानावर पडला की माणसांना गुप्तहेराशिवाय दुसरं काही आठवत नाही. संदेश कुलूपबंद करून पाठवायचा, तो ज्याचा त्यालाच उघडता यावा, एवढाच त्या शास्त्राचा उद्योग, असं तिने पहिल्या वर्षी चार जणांना समजावून पाहिलं. चौघांनीही मान डोलावली आणि तिला हेरबाई म्हणायला लागले.

शेजारच्या इमारतीतल्या गणित विभागात क्रिप्टोग्राफीचा वर्षभराचा अभ्यासक्रम होता आणि त्यातली एक जागा, एकच, शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी राखलेली होती. अट साधी. अंतिम पाठात शंभरापैकी सत्तर गुण. शंभरातले ऐंशी बाहेरच्या परीक्षकाच्या हातात, उरलेले वीस पाठाच्या टाचणाचे, ते मॅडमच्या हातात. सत्तर नाही पडले तर तिला प्रबंधासाठी विभागाने ठरवून दिलेला विषय घ्यावा लागणार होता: ‘आठवीच्या विद्यार्थ्यांच्या गृहपाठविषयक सवयींचा अभ्यास’. हा विषय विभागात सात वर्षं पडून होता. त्यातून जिवंत बाहेर आलेल्या दोघी आता विम्याच्या कचेरीत होत्या.

टाचण म्हणजे पाठाचा आराखडा. त्यात डाव्या रकान्यात शिक्षक काय विचारणार ते लिहायचं आणि उजव्या रकान्यात मुलं काय उत्तर देणार ते. मुलांना हे कोणी सांगितलेलं नसतं, तरी उजवा रकाना आठ दिवस आधी भरून द्यावा लागतो. शिक्षणशास्त्रात भविष्य वर्तवण्याची ही एकच अधिकृत सोय आहे. हेरबाईने उजव्या रकान्यात लिहिलं होतं: ‘विद्यार्थी गोंधळतील.’ मॅडमनी त्याच्यावरही काट मारून ‘विद्यार्थी योग्य उत्तर देतील’ असं लिहिलं. मग पेनाला गती आली. प्रस्तावना बदलली, हेतुकथन बदललं, फलकलेखन नव्याने आखून दिलं. टाचण परत हातात आलं तेव्हा त्यात हेरबाईच्या निळ्या शाईचं एवढंच उरलं होतं: नाव, हजेरी क्रमांक आणि तारीख.

“आता हे टाचण झालं,” मॅडम समाधानाने म्हणाल्या. “यातलं एक अक्षर इकडेतिकडे करू नका.”

त्या चाराशी हेरबाईचं जुनं नातं होतं. ते नातं लॉन्ड्रीतलं.

तिच्या वडिलांची लॉन्ड्री चौकाच्या आत, दोन दुकानं सोडून. पुढे काउंटर, मागे इस्त्रीची लांब टेबलं, वर छतापर्यंत दांड्यांवर टांगलेले कपडे. तिची आई टेबलाशी, वडील काउंटरवर. गिऱ्हाइकाला पावती मिळायची, तिच्यावर एक ते नव्व्याण्णवपैकी एक आकडा, आणि तोच आकडा कापडाच्या पट्टीवर लिहून कपड्याला टाचलेला असायचा. ही पद्धत आजोबांपासून चालली होती आणि एका दुपारपर्यंत बरी चालली. त्या दुपारी एका सभ्य गृहस्थाने काउंटरवर उभ्या उभ्या वर टांगलेल्या लोकरी कोटाचा आकडा वाचला, आपल्या जुन्या पावतीवर तोच आकडा सफाईने गिरवला आणि दुसऱ्याच दिवशी कोट घेऊन गेला. जाताना बटण सैल आहे म्हणून तक्रारही करून गेला.

“आकडा सगळ्या जगाला दिसतो, मग चोराला काय डोळे नाहीत?” आई म्हणाली.

हेरबाई तेव्हा बारा वर्षांची होती आणि नुकताच तिचा पहिला नंबर आला होता. अशा माणसाकडे प्रत्येक गोष्टीवर तोडगा असतो. “बाबा, कपड्यावर पावतीचा आकडा लिहूच नका. पावतीच्या आकड्याला चाराने गुणा आणि शेवटचे दोन अंक तेवढे लिहा. पावती सात, तर कपड्यावर अठ्ठावीस. चार आपण कोणाला सांगायचा नाही.”

वडिलांनी तिच्याकडे बघितलं, मग दांडीवरच्या कपड्यांकडे बघितलं. “सोपं आहे,” ते म्हणाले. “चाराचा पाढा मला येतो.”

तीन महिने सगळं सुरळीत चाललं. पावती घेऊन गिऱ्हाईक आलं की वडील मनात गुणाकार करायचे, हात वर जायचा, नेमका कपडा खाली यायचा. गिऱ्हाइकं चकित व्हायची. लॉन्ड्रीत त्या दिवसांत आठवड्याला वीस-बावीस पावत्या फाटत आणि दर सोमवारी आकडा पुन्हा एकपासून सुरू होई. पंचवीसच्या आत जगात कसलीही अडचण नव्हती.

मग एका आठवड्यात पावत्या तीसवर गेल्या. तीन नंबरची पावती वकिलाची होती, एक काळा कोट. अठ्ठावीस नंबरची पावती मोठ्या हॉटेलातल्या मुख्य वाढप्याची, तोही काळा कोट. तीन चोक बारा. अठ्ठावीस चोक एकशे बारा, शेवटचे दोन अंक बारा. दांडीवर दोन बारा शेजारी शेजारी लटकत होते. वाढपी आधी आला आणि वकिलाचा कोट घेऊन गेला. वकील दुसऱ्या दिवशी सकाळी घाईत आला, राहिलेला कोट अंगात अडकवला आणि थेट न्यायालयात उभा राहिला. त्या कोटाच्या खिशावर सोनेरी दोऱ्याने काटा आणि चमचा भरलेला होता.

न्यायाधीशांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. विरुद्ध बाजूच्या वकिलाने मात्र युक्तिवादाच्या मध्यावर त्याच्याकडे वळून अतिशय नम्रपणे एक ग्लास पाणी मागितलं.

दुपारी वकील लॉन्ड्रीत आला तेव्हा हेरबाई इस्त्रीच्या टेबलाखाली होती. तिथून तिला फक्त बूट दिसत होते. बूट पुढे-मागे होत होते. अब्रू, नुकसानभरपाई, परवाना असे शब्द वरून पडत होते.

“चूक माझी आहे,” वडील म्हणाले. “माझ्या हातून झाली.”

“कशी झाली? पावतीवर तीन स्पष्ट लिहिलाय!”

“माझ्या हातून झाली,” वडिलांनी पुन्हा सांगितलं, त्याच आवाजात.

बूट निघून गेल्यावर वडील खाली वाकले. ती आता आपण मार खाणार या तयारीत होती. वडिलांनी पावत्यांच्या मागचा एक कोरा कागद आणि पेन्सिल तिच्यापुढे ठेवली. “कुठे गेलं बघ,” ते म्हणाले आणि उठून काउंटरवर गेले.

ते एवढंच म्हणाले. मार बसला असता तर विषय संपला असता. आता तो संपेना. तिने एक ते शंभर आकडे लिहून सगळ्यांना चाराने गुणलं. शंभर पावत्यांना खुणा फक्त पंचवीस निघाल्या. एकेका खुणेवर चार-चार माणसं हक्क सांगत होती. दोनाने तीच गत, पाचाने तीच, सहाने तीच, आठानेही. तीन मात्र शहाणा निघाला, सात निघाला, नऊ निघाला. सातने गुणलं की शंभरच्या शंभर खुणा वेगळ्या. चौथ्या दिवशी तिने बाबांना सांगितलं, “सात घ्या.” वडिलांनी का म्हणून विचारलं नाही. त्या रात्रीपासून त्यांनी सातचा पाढा पक्का करायला घेतला. पंचेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या नाकी नऊ आले, पण केला.

पुढे महिनाभराने तिला त्रेचाळीस सापडला. सातने गुणून झालेल्या खुणेला त्रेचाळीसने गुणलं की मूळ आकडा शेवटच्या दोन अंकांत आपोआप परत येतो. सात त्रेचाळीस तीनशे एक, शेवटी शून्य एक, म्हणजे काहीच न केल्यासारखं. कुलूप सात, किल्ली त्रेचाळीस. चाराला मात्र किल्लीच नाही. असं का, हे तिला त्या वयात कळलं नाही. कोणाला विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं तर कोटाची गोष्ट सांगावी लागली असती.

क्रिप्टोग्राफीच्या अर्जात एक चौकट होती: ‘आपली पार्श्वभूमी आणि या विषयात रस का, हे दहा ओळींत लिहा.’ शिक्षणशास्त्रातून अर्ज तिचा एकटीचाच होता; गणित विभागातल्या इतरांनी दहाच्या दहा ओळी भरल्या, त्यात राष्ट्राची सुरक्षा आणि बँकांचे व्यवहार भरपूर होते. हेरबाईने तीन ओळी लिहिल्या: ‘वडिलांची लॉन्ड्री आहे. माझ्या चुकीने एक कोट भलत्या माणसाकडे गेला. ती चूक मला अजून पूर्ण कळलेली नाही.’

कचेरीतल्या कारकुनाने अर्ज वाचला. “हे पोलिसात द्यायचं होतं का?” त्याने विचारलं आणि शिक्का मारला.

अंतिम पाठाच्या दिवशी आठवीच्या वर्गात पंचेचाळीस मुलं होती. मागच्या बाकावर बाहेरचे परीक्षक. उंच माणूस, मुलांच्या बाकात गुडघे कसेबसे दुमडून बसलेला. मांडीवर गुणपत्रिका. व्हरांड्याच्या खिडकीत मॅडम, हातातल्या घड्याळासकट. तास पस्तीस मिनिटांचा.

पहिली चौदा मिनिटं लाल शाईप्रमाणे गेली. मुलांनी दोन अंकी आकडे मनात धरले, सातने गुणले, शेवटचे दोन अंक चिठ्ठीवर लिहून पुढे पाठवले. हेरबाईने चिठ्ठ्या उघडून मूळ आकडे सांगायला सुरुवात केली. “शहाण्णव? तुझा अठ्ठावीस होता.” मुलगा उडालाच. वर्गात कुजबुज वाढली. “टीचर, माझा सांगा!” “टीचर आरशात बघून सांगतात का रे?” उजव्या रकान्यात ‘विद्यार्थी आनंदित होतील’ असं होतं, तेही झालं. परीक्षकांनी दोनदा मान हलवली. खिडकीत मॅडमचा चेहरा सैल झाला.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. तेल चोपडलेल्या दोन वेण्या, वहीच्या कडेला चावलेली पेन्सिल.

“टीचर, सातच का? चार घेतला तर?”

उजव्या रकान्यात हा प्रश्न नव्हता, डाव्यातही नव्हता. त्याची जागा होती तिथे लाल काट होती. अशा वेळी काय म्हणायचं ते वर्षभर पाठ करून घेतलेलं होतं: ‘छान प्रश्न आहे, आपण तासानंतर बोलू.’ या वाक्याखाली किती प्रश्न गाडले गेले याची कुठे नोंद नाही. वाक्य जिभेवर आलं होतं. समोर सातच्या पुढचा ठरलेला भाग होता, मग समारोप, मग गृहपाठ. एकवीस मिनिटं. त्या एकवीस मिनिटांत क्रिप्टोग्राफीची ती एक जागा होती.

तिने खिडकीकडे पाहिलं. मॅडमनी मान अगदी थोडी, पण स्पष्ट, डावीकडून उजवीकडे हलवली.

मुलगी हात वर धरूनच होती. पेन्सिल तोंडात.

“घेऊन बघ,” हेरबाई म्हणाली.

खिडकीत घड्याळ खाली आलं.

मुलीने आकडा मनात धरला, चाराने गुणला, पुढे येऊन फळ्यावर लिहिला: बारा. “उघडा,” हेरबाईने वर्गाला सांगितलं. पहिल्या बाकावरचा मुलगा लगेच ओरडला, “तीन! तीन चोक बारा!”

“नाही,” मुलगी म्हणाली. “माझा त्रेपन्न आहे.”

“खोटं बोलते!”

“गुणून बघ ना! दोनशे बारा!”

मागून आवाज आला, “अठ्ठावीसही येतो की.” आणखी कोणीतरी, “अठ्ठ्याहत्तरपण!” आता चार उत्तरं फळ्यावर होती आणि पाच जण उभे राहून भांडत होते. “टीचर, बरोबर कोणतं?” “सगळीच कशी बरोबर?” “टीचरलाच येत नाहीये.” हे शेवटचं कोण बोललं ते कळलं नाही, पण मागच्या बाकापर्यंत नक्की पोचलं. परीक्षकांनी गुणपत्रिकेवर काहीतरी लिहिलं. हेरबाईने खडू एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“भांडू नका,” ती म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा बरा निघाला. “कोणाचा आकडा कुठे गेला, ते बघा. एक ते नऊ सगळे घेऊन बघा. कोण अडकतो, कोण अडकत नाही?”

वर्ग वह्यांत बुडाला. फळ्यावर दोन रांगा वाढत गेल्या. अडकणारे: दोन, चार, सहा, आठ. न अडकणारे: एक, तीन, सात, नऊ. नऊ मिनिटं राहिली, मग सहा. समारोप डोक्यात ठोके देत होता. पहिल्या बाकावरच्याने जाहीर केलं, “सम आकडे अडकतात! झालं, सापडलं!” वर्गाने टाळ्या वाजवल्या. इथे थांबलं असतं तर समारोपाला तीन मिनिटं मिळाली असती.

“पाच कोणत्या रांगेत?” हेरबाईने विचारलं.

कोणीतरी गुणून पाहिलं. “अडकतो.”

“पाच सम आहे का?”

टाळ्या विरल्या. पंचेचाळीस डोकी पुन्हा खाली गेली. आणि त्याच शांततेत घंटा झाली.

एरवी घंटेला जो उठतो तो वर्ग उठला नाही. हेरबाईला त्याचा आनंद घ्यायला उसंत नव्हती. ती मनात वजाबाकी करत होती.

परीक्षक गुडघे सोडवत उठले आणि तिच्यापाशी आले.

“समारोप?”

“झाला नाही, सर.”

“गृहपाठ?”

“दिला नाही, सर.”

“मग ही मुलं घरी जाऊन करणार काय?”

“पाच का अडकतो ते बघतील, सर.”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग फळ्याकडे. “समारोपाचे दहा,” ते शांतपणे म्हणाले, “गृहपाठाचे पाच. वेळेच्या नियोजनाचेही कापावे लागणार. नियम माझे नाहीत.” त्यांच्या गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने केलेला एक लांबलचक गुणाकार होता. ती त्यांनी घाईने उलटी केली.

संध्याकाळी मॅडमनी तिला बोलावलं. परीक्षकांचं पाकीट टेबलावर उघडं होतं.

“एकावन्न,” मॅडम म्हणाल्या.

एकावन्नात एकोणीस मिळवले की सत्तर. मॅडम टाचणाला अठराच्या वर देत नाहीत, हे अख्ख्या विभागाला माहीत होतं. बावीस वर्षांत दिले नव्हते. एकावन्न अधिक अठरा एकोणसत्तर. हेरबाईने हा हिशेब मॅडमचं वाक्य संपायच्या आत केला होता आणि तो कुठूनही मोडत नव्हता.

“मी तुम्हाला सांगितलं होतं.”

“हो मॅडम.”

“खिडकीतून मान हलवली होती. दिसली होती ना?”

“दिसली होती.”

मॅडमनी टाचण ओढलं आणि पान उलटलं. लाल. दुसरं पान. लाल. भिंतीवरच्या पंख्याने पानं फडफडत होती, ती त्यांनी तळहाताने दाबून धरली.

“यात तुमचं स्वतःचं काय आहे?”

“नाव, हजेरी क्रमांक आणि तारीख, मॅडम.”

मॅडमनी पहिलं पान पुन्हा वर घेतलं. स्वतःच्याच अक्षराला अठरा द्यायचे, हा प्रसंग त्यांच्यावर यापूर्वी आला नव्हता. अठरा म्हणजे दोन कापायचे. कशाचे कापायचे? प्रस्तावना त्यांची, हेतुकथन त्यांचं, फलकलेखन त्यांचं, सातही त्यांचा. त्यांनी पेन उघडलं, बंद केलं. मग उजव्या रकान्यावरून बोट हळूहळू खाली आणत एका जागी थांबवलं. तिथे लाल काटेखाली निळा चार अजून वाचता येत होता.

“त्या वेणीवाल्या मुलीचा प्रश्न,” त्या म्हणाल्या, “यात नाही.”

“नाही, मॅडम.”

“यायला हवा होता. हा टाचणाचा दोष आहे.” त्यांनी चौकटीत एकोणीस लिहिले. “एक गुण कापला आहे. जा.”

हेरबाई दारापर्यंत गेली तेव्हा मागून आवाज आला, “पाच का अडकतो?”

“शंभरात पाच लपलेला आहे, मॅडम. आणि दोनही. त्यांच्याशी ज्याचं नातं, त्याला किल्ली नाही.”

“हं,” मॅडम म्हणाल्या. “समारोपात एवढं एक वाक्य बोलायला किती वेळ लागला असता?”

लॉन्ड्रीत वकील काउंटरवर उभा होता. दहा वर्षं झाली, पण त्याने लॉन्ड्री बदलली नव्हती, फक्त आवाज बदलला होता. केस पांढरे झाले होते. वडिलांनी पावती वाचली, ओठ किंचित हलले, सातचा पाढा आत कुठेतरी झाला आणि हात वर गेला.

“किती?” कोट काढता काढता त्यांनी तिला विचारलं.

“सत्तर.”

“हवे किती होते?”

“सत्तर.”

टेबलापाशी आईची इस्त्री थांबली. “एखादा जास्त देता आला नाही का मेल्यांना?” आई म्हणाली आणि इस्त्री पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा जोरात.

“मुलगी काय शिकते हल्ली?” वकिलाने विचारलं.

वडिलांनी कोट काउंटरवर अलगद पसरला. “ज्याचं त्यालाच कसं पोचावं, ते.”

हेरबाई हॅंगरच्या रांगेआड उभी होती. एवढी वर्षं तो चार बाबांच्या नावावर जमा होता. ती पुढे आली.

“काका, त्या वेळी तुमचा कोट गेला ना, तो माझ्यामुळे गेला. गणित माझं चुकलं होतं.”

वकिलाने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या वडिलांकडे. वडील पावत्यांची चवड नीट करण्यात गुंतले होते. ती मुळात नीटच होती.

“आता सुधारलं का गणित?” वकिलाने विचारलं.

“सुधारलं.”

“छान,” वकील म्हणाला. मग त्याने कोट उचलला, उजेडाकडे धरला आणि अंगात घालण्याआधी खिसा नीट तपासून घेतला.